नवले पुलाचा उतार : एका रविवारचा घटनाक्रम

पोलिसांच्या कागदावर पुण्याच्या नवले पुलाच्या उतारावर झालेल्या या अपघाताची वेळ संध्याकाळी ७ वाजून ४ मिनिटं अशी आहे आणि कारण ‘ब्रेक निकामी’ असं आहे. दोन्ही नोंदी खऱ्या आहेत. पण ज्या कंटेनरने आमच्या सरांचा जीव घेतला तो, तो उतार आणि ती गर्दी ७.०४ ला एका जागी येण्याची तयारी सकाळपासून चालू होती. तिच्यातला मोठा भाग आम्हाला दिसत नव्हता. तो पुढे जबाबांतून, दाव्याच्या कागदांतून आणि गाडीच्या जीपीएस नोंदींतून कळला. इथे तो त्या त्या वेळेला लिहिला आहे.

पहाटे ५.४५, महाबळेश्वर

डिसेंबरचा रविवार. आम्ही तिघं होतो : सर, मी आणि माझा मामेभाऊ. कोकणात फिरून आदल्या संध्याकाळी आंबेनळी घाट चढून वर आलो होतो. आता शेवटचा टप्पा, महाबळेश्वर ते पुणे. सुमारे १२० किलोमीटर, त्यात पसरणी, खंबाटकी आणि कात्रज.

सरांनी मला शाळेत पदार्थविज्ञान शिकवलं. निवृत्तीनंतर ते लांब पल्ल्याची सायकल चालवू लागले आणि आम्हा माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांना गुडघे साथ देतील त्यांना सोबत नेऊ लागले. त्यांची तयारी बघण्यासारखी असे. दोन टेल लाईट, एक सायकलला आणि एक हेल्मेटला. अंगात रिफ्लेक्टर जॅकेट. पॅनिअरच्या वरच्या कप्प्यात जास्तीच्या ट्यूबा, ब्रेकपॅड, आणि एका डबीत चिमटा. त्या सकाळी वेण्णा तलावावर धुकं इतकं दाट होतं की दहा हातांवरचा माणूस नुसता त्याच्या लाल दिव्यावरून ओळखू यायचा. सर म्हणाले, “उजाडल्याशिवाय पेडल मारायचं नाही.” आम्ही हॉटेलच्या पायरीवर कुडकुडत बसलो. निघालो तेव्हा पावणेसात झाले होते.

सकाळी ७.१०, कोल्हापूरजवळची एक औद्योगिक वसाहत

रात्रभर गाडी चालवून आलेला एक कंटेनर कारखान्याच्या फाटकावर रांगेत लागला. चालक चोविशीतला. क्लीनर नव्हता. माल भरायला नंबर लागेपर्यंत झोपावं असं त्याच्या मनात होतं, पण रांग थोडी थोडी पुढे सरकायची आणि दर वेळी गाडी सरकवावी लागायची. दुपारपर्यंत त्याला सलग झोप मिळाली नाही. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९६१ च्या मोटर परिवहन कामगार कायद्यात दिवसाला आठ तास कामाची मर्यादा होती. फाटकावर ताटकळण्यात गेलेला वेळ मात्र या धंद्यात कुणी कामात धरत नाही. माल रात्री दहाच्या आत चाकणला पोचवायचा, हे त्याला आधीच सांगून ठेवलेलं होतं.

सकाळी ८.२०, पसरणी घाट

पाचगणीहून वाईपर्यंत रस्ता साडेपाचशे मीटरच्या आसपास खाली येतो. पुण्या-मुंबईकडच्या गाड्या वर येऊ लागल्या होत्या. शाळांच्या बस, भाड्याच्या टेम्पो ट्रॅव्हलर, स्ट्रॉबेरीच्या गाड्या. वळणावर प्रत्येकाला पुढच्याच्या पुढे जायचं होतं आणि त्यासाठी लागणारी जागा ते आमच्या बाजूची घेत होते.

घाटाच्या मध्यावर सरांनी आम्हाला थांबवलं आणि मामेभावाला पुढच्या चाकाची रिम बोटाने चाचपायला लावली. त्याने लगेच हात मागे घेतला. “काल संध्याकाळी तू जी उंची मिळवलीस ती आता उष्णता होऊन परत येते आहे,” सर म्हणाले. “ती कुठेतरी जाणारच. सतत ब्रेक दाबून धरलास तर सगळी रिमला मिळेल. दाबायचं, सोडायचं, वाऱ्याला काम करू द्यायचं.” वर्गात ते खडूने फळ्यावर हेच लिहीत असत, वस्तुमान गुणिले गुरुत्व गुणिले उंची. मला ते सूत्र परीक्षेपुरतं पाठ होतं. त्या वळणावर ते मला पहिल्यांदा हाताला लागलं.

सकाळी ११.१०, खंबाटकीचा बोगदा

वाईत कृष्णेच्या घाटावर ढोल्या गणपतीला नमस्कार करून, मिसळ खाऊन सुरूर फाट्याला महामार्गावर आलो. तिथून दिवसच बदलला. तोपर्यंत झाडं, शेतं, माणसं होती. आता डाव्या पांढऱ्या पट्टीच्या बाहेरची हातभर साइडपट्टी हेच आमचं गाव. तीही कुठे खडीने भरलेली, कुठे उभ्या ट्रकने अडवलेली.

साताऱ्याहून पुण्याला येणारी वाहतूक खंबाटकीला बोगद्यातून जाते. पुण्याहून येणारी घाट चढून जाते. बोगद्यात सायकलस्वाराला जागा अशी नसतेच. सरांनी तोंडाशी उभं राहून मागची गर्दी पाहिली, दोन ट्रकच्या टोळक्यांमध्ये मोकळी फट सापडल्यावर हात केला आणि आम्ही आत घुसलो. धुरामुळे डोळे चुरचुरत होते. मागून येणाऱ्या गाडीचा आवाज भिंतींवर आदळून चहूबाजूंनी येतो, ती किती जवळ आहे ते कानांना कळत नाही. मोठी गाडी शेजारून जाते तेव्हा आधी हवा बाहेर ढकलते, मग आत ओढते. ते ओढणं जास्त वाईट.

बोगद्यानंतर उतार आणि त्यात इंग्रजी एस अक्षरासारखं वळण. १० एप्रिल २०१८ च्या पहाटे इथे कर्नाटकातल्या विजयपूर भागातून कामाला निघालेल्या मजुरांचा टेम्पो उलटला आणि १८ माणसं गेली. सर तिथे थांबले नाहीत, थांबण्यासारखी ती जागा नाही. पुढे सपाटीला लागल्यावर मात्र त्यांनी एक गोष्ट सांगितली, ती मी आजही प्रत्येक घाटात करते. “मागून येणाऱ्या ट्रकचा आवाज ऐक. गिअरमध्ये उतरणारा ट्रक ओरडतो. त्याचं इंजिन त्याला मागे खेचत असतं. जो आवाज न करता उतरतो तो न्यूट्रलवर आहे. त्याला नुसत्या ब्रेकने धरून ठेवलंय. तो आला की रस्ता सोडायचा.”

मामेभावाने विचारलं, असा किती फरक पडतो? सरांनी चालता चालता हिशेब मांडला. सर, सायकल आणि सामान मिळून शंभर किलो. शंभर मीटर उंची उतरली की साधारण एक लाख ज्यूल. चाळीस टनांचा भरलेला कंटेनर तेवढाच उतरला की चार कोटी ज्यूल. त्या उष्णतेत शंभराहून अधिक लिटर पाणी उकळेल. गाडी गिअरमध्ये असेल तर यातला मोठा वाटा इंजिन खातं. न्यूट्रलमध्ये सगळी उष्णता ब्रेकच्या ड्रममध्ये जाते. तापलेला ड्रम फुगतो, लायनरपासून लांब सरकतो, लायनरची पकडही ढिली पडते. चालक पेडल दाबतो, पेडल जातं, गाडी थांबत नाही. तेव्हा गिअर टाकायला गेलं तर वेग इतका वाढलेला असतो की खालचा गिअर पडत नाही.

दुपारी १.१५, शिरवळ

पहिलं पंक्चर शिरवळच्या अलीकडे. ट्रकचा टायर फुटतो तेव्हा त्यातली बारीक पोलादी तार रस्त्यावर विखुरते आणि वाऱ्याने झाडली जाऊन कडेला साचते, म्हणजे नेमकी आमच्या वाटेत. केसाएवढी तार टायरमधून आत शिरते आणि डोळ्यांना दिसत नाही. सरांनी टायरच्या आतून बोट फिरवत ती शोधली, चिमट्याने उपटली. ट्यूब बदलून, जेवून निघेपर्यंत सव्वा झाला.

त्याच सुमाराला कोल्हापुरात कंटेनर भरून फाटकाबाहेर पडला. सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास अंतर त्याच्या आणि नवले पुलाच्या मध्ये होतं. आमच्या आणि त्या पुलाच्या मध्ये पन्नासही नव्हतं.

दुपारी ३.४०, कापूरहोळ

नीरा ओलांडल्यापासून वारा समोरून होता. हिवाळ्यात दुपारी उत्तरेकडे सायकल चालवणाऱ्याला हे ठरलेलंच. वेग ताशी बारा-तेरावर आला. दुसरं पंक्चर झालं, पुन्हा तारेचंच. सुट्टी संपवून पुण्याकडे परतणाऱ्या गाड्या दाटू लागल्या होत्या. महाबळेश्वर, वाई, कास, कोल्हापूर, गोवा, सगळीकडचे लोक रविवारी दुपारनंतर याच एका रस्त्याला लागतात. एका गाडीतून कुणीतरी काच खाली करून “काका, घरी जा” असं ओरडलं. सरांनी हात उंचावून त्याला नमस्कार केला. त्यांनी तो मनापासून केला होता, त्यांचा स्वभावच तसा होता.

वाटेत एका ठिकाणी काम चाललेलं, दोन लेनची एक झालेली. तिथे आम्ही चालत सायकली ढकलल्या. साइडपट्टीवरून मोटारी पुढे घुसत होत्या आणि ज्यांच्या हक्काची ती जागा आहे ते पायी चालणारे, दुचाकीवाले, आम्ही मातीत उतरलो होतो. पुण्याजवळच्या महामार्गांवर हे इतकं नेहमीचं आहे की त्याचा कुणाला राग येत नाही. मला येतो.

संध्याकाळी ५.०५, खेड शिवापूर

टोलनाक्यावर गाड्यांच्या रांगा मागे दूरवर गेल्या होत्या. आम्ही कडेने पुढे आलो आणि चहा घेतला. सूर्यास्त सहाच्या सुमाराला. इथे सरांनी विषय काढला : अंधार होणार आहे, उतार अंधारात लागणार आहे. मामेभाऊ म्हणाला, टेम्पो करू. सर लगेच तयार झाले. त्यांना हट्ट नव्हता. पण तीन सायकली चढवून घ्यायला रविवारी संध्याकाळी कुणी थांबेना. अर्धा तास आम्ही हात करत उभे होतो.

कंटेनर तेव्हा सातारा ओलांडून पुढे आला होता. चालक वाटेत जेवायला थांबला नव्हता.

संध्याकाळी ५.५०, शिंदेवाडी

इथे रस्ता दुभंगतो. उजवीकडे जुना कात्रज घाट, समोर नवा बोगदा. ६ जून २०१३ च्या पावसात इथे एक आई आणि तिची लहान मुलगी पाण्याच्या लोंढ्यात वाहून गेल्या. वर डोंगर फोडून ओढ्याची वाट बुजवलेली होती. त्या रात्री पाऊस पडला एवढंच सर्वांना दिसलं. जेसीबी त्याआधी कितीतरी दिवस चालले होते.

जुना घाट अरुंद, दिवे नाहीत, वळणावर एसटी आणि डंपर समोरासमोर. नवा रस्ता रुंद, पण अवजड गाड्यांचा. आम्हाला कोथरूडला जायचं होतं. सरांनी दोन्हीकडचा विचार करून नवा निवडला : रुंद आहे, सरळ आहे, मागच्याला आपण लांबून दिसू. त्या क्षणी जी माहिती हाताशी होती तिच्यावर तो निर्णय बरोबर होता. आजही मी तोच घेतला असता.

संध्याकाळी ६.३८, नव्या बोगद्याचं तोंड

चढ संपला, बोगदा पार झाला आणि समोर पुण्याचे दिवे दिसले. इथून जांभूळवाडी, दरी पूल, नऱ्हे आणि खाली नवले पूल. रस्ता सगळा उतरता. डोंगरातून सुटलेला महामार्ग इथे थेट शहरात उतरतो. वर गाड्यांचा वेग महामार्गाचा, खाली भाजी घेऊन रस्ता ओलांडणारी माणसं, रिक्षा, पीएमपीच्या बस. वेगाला अंगातून उतरायला जागाच ठेवलेली नाही. २० नोव्हेंबर २०२२ ला, तोही रविवारच होता, रात्री एका अवजड गाडीने याच उतारावर एकामागून एक कितीतरी मोटारी चिरडल्या. १३ नोव्हेंबर २०२५ ला पुन्हा एक कंटेनर गर्दीत घुसला, दोन मोठ्या गाड्यांमध्ये सापडलेली मोटार पेटली, आठ जण गेले. दर वेळी नंतर काहीतरी झालं आहे : रम्बलर, कॅमेरे, वेगाची मर्यादा, ‘तीव्र उतार, वाहन न्यूट्रल करू नये’ असे फलक.

आम्ही ब्रेक दाबत-सोडत उतरलो. सर सर्वांत मागे, कारण त्यांचे दिवे सर्वांत चांगले.

संध्याकाळी ६.५२, नऱ्हे

खाली पुलावर काहीतरी अडलं होतं आणि रांग वर नऱ्ह्यापर्यंत आली होती. आम्हाला सर्व्हिस रोडला उतरायचं होतं. ती वाट थोडी पुढे होती, पण तिथपर्यंतची साइडपट्टी मोटारींनी भरून टाकलेली. मध्ये उघडं गटार. सरांनी सायकल उचलून पांढऱ्या पट्टीच्या पलीकडे मातीत ठेवली आणि आम्हाला म्हणाले, “रांग हलू दे. घाई नाही.” मामेभाऊ गटारापलीकडे जागा बघायला गेला. मी सायकल घेऊन त्याच्या मागे. सर सायकलला टेकून फोनवर काकूंशी बोलत होते, तासाभरात येतो म्हणून.

संध्याकाळी ६.५७, बोगदा

कंटेनर बोगद्याबाहेर आला. जीपीएसच्या नोंदीत इथून पुढे वेग वाढत गेलेला आहे, दोनदा थोडा कमी झालेला, मग फक्त वाढलेला. चालकाने जबाबात सांगितलं की बोगदा संपताच त्याने गाडी न्यूट्रल केली. जांभूळवाडीच्या उतारावर ब्रेक लागत होते. दरी पुलावर कमी लागले. त्यानंतर पेडल नुसतं आत जात होतं. त्याने गिअर टाकायचा प्रयत्न केला, पडला नाही. हॉर्न दाबून धरला. डावीकडे डोंगरात घालावी असं त्याला वाटलं, पण डावीकडे माणसं दिसत होती.

उतारावर अशा गाडीला चढावर नेऊन वाळूत रुतवणारी सुटकेची वाट असते. त्याला ती त्या वेळी सापडली नाही.

संध्याकाळी ७.०४

मी हॉर्न ऐकला. इंजिनाचा आवाज नव्हता. सरांनीही ते ओळखलं असावं, कारण फोन कानापासून काढून ते वर बघत होते. कंटेनर रांगेच्या शेवटच्या मोटारीवर आदळला, ती पुढच्यावर. तिसरी का चौथी मोटार आडवी फिरून रस्त्याबाहेर मातीत आली. सर तिथे होते. जिथे उभं राहायला हवं तिथे, दिवे चालू ठेवून, जॅकेट घालून.

पुढचं फार थोडं आठवतं आणि जेवढं आठवतं ते लिहिणार नाही. नऱ्ह्यातली पोरं आमच्या आधी पोचली. त्यांनी मोटारीचे दरवाजे हातांनी उपटले, स्वतःच्या गाड्यांतून लोकांना दवाखान्यात नेलं. त्यांच्यामुळे त्या मोटारींतली माणसं वाचली. सर वाटेत गेले.

रात्री ९.४०

मामेभाऊ दवाखान्यात काकूंजवळ थांबला. मी सायकली आणि सामान ताब्यात घ्यायला परत आले. क्रेनने कंटेनर बाजूला ओढला होता, सांडलेल्या डिझेलवर माती टाकली होती आणि एक लेन सुरू झाली होती. तुंबलेल्या गाड्या वेगाने सुटत होत्या. वरून ट्रक येत होते. काही ओरडत, बरेचसे ओरडत नव्हते. मी बंदोबस्तावरच्या हवालदाराला म्हटलं, हे बघा, न्यूट्रलवर आहेत. तो म्हणाला, “ताई, दिसतंय मला. इथे खाली थांबवून काय उपयोग? वर थांबवायला पाहिजेत.”

त्याचं बरोबर होतं. फलक वाचून चालक गिअर टाकणार नाही. बोगद्याच्या अलीकडे, सपाटीवर, प्रत्येक अवजड गाडी काही मिनिटं थांबली पाहिजे, तिचे ड्रम तपासले गेले पाहिजेत, आणि ती खालच्या गिअरमध्येच पुढे सोडली पाहिजे. खालच्या वस्तीला स्वतःचा रस्ता पाहिजे, ज्यावर महामार्गाची रांग सांडणार नाही. आणि पायी, दुचाकीवर, सायकलवर असणाऱ्या माणसाची साइडपट्टी ही अडचणीत वापरायची जास्तीची लेन नाही, हे दंडाच्या पावतीने शिकवायला पाहिजे. यातल्या कशालाही नवा शोध लागत नाही.

रात्री ११.२०, पोलीस ठाणे

जबाब द्यायला मी बसले होते. समोरच्या बाकावर चालक होता, कपाळाला पट्टी. त्याने मला जॅकेटवरून ओळखलं आणि विचारलं, “काका वाचले का?” ठाण्यातल्या कुणी त्याला सांगितलं नव्हतं. मी सांगितलं. तो बराच वेळ खाली बघत राहिला, मग स्वतःहून बोलू लागला. मालक फेरीला ठरावीक डिझेल देतो. वाचलं तर चालकाचं, जास्त लागलं तर पगारातून कापतात. म्हणून सगळेच उतारावर न्यूट्रल करतात. त्याला हे ज्याने गाडी शिकवली त्यानेच शिकवलं होतं.

आजच्या इलेक्ट्रॉनिक इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की उतारावर डिझेल बंद होतं, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये ते चालू ठेवायला डिझेल जळत राहतं. बोगद्यापासून नऱ्ह्यापर्यंत त्या कंटेनरने काहीच वाचवलं नव्हतं.